एवारिस्तोची सही

एवारिस्तो ल्योपिसच्या अग्रलेखांचे खिळे मी सतरा वर्षं जुळवले. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी बाई मी एकटीच. अल्कोय शहरातल्या आमच्या अराज्यवादी साप्ताहिकाचा तो संपादक. मूळचा कागदगिरणीतला कामगार. सरकार कुणाचंही असो, खुर्चीत बसलेला माणूस हुकूमच सोडणार, असं तो दर आठवड्याला लिहायचा. त्यापायी चारदा तुरुंगात जाऊन आला.

एकोणीसशे छत्तीस साली सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केलं, युद्ध पेटलं. आमच्या कामगार संघटनेनं हात वर करून ठरवलं की नगरपालिकेत पावाचं खातं एवारिस्तोनं सांभाळायचं. तो नको नको म्हणत होता. त्याची बायको कोन्सुएलो भर सभेत उठली. "लेखांनी पोट भरत असतं तर आमची पोरं बाळसेदार झाली असती. जा, बस त्या खुर्चीत." लोक हसले. तो गेला.

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात शहरातलं पीठ संपलं. डोंगरावरच्या एका गावानं सामाईक शेती केली होती. त्यांच्याकडे गहू होता, पण बियाण्यापुरताच म्हणून ते देईनात. इकडे बायका पहाटेपासून रांगा लावून रिकाम्या हातांनी परतत होत्या. तो गहू जबरीनं आणायच्या हुकमाचा कागद एवारिस्तोनं दोन दिवस तसाच ठेवला, मग सही केली. ट्रक गेले, सोबत बंदूकवाले. कोठाराच्या दारात बाउतिस्ता नावाचा म्हातारा आडवा उभा राहिला. आमच्याच संघटनेचा, साप्ताहिकाचा जुना वर्गणीदार. झटापटीत गोळी सुटली नि तो जागीच गेला.

आमच्या साप्ताहिकाच्या बातमीत 'नगरपालिकेच्या आदेशावरून' एवढंच होतं. एवारिस्तो दुपारी छापखान्यात आला, उभ्यानंच प्रूफ वाचलं.

"अंपारो, नगरपालिका म्हणजे कोण गं?"

मी त्याच्या हातातलं प्रूफ परत घेतलं.

"माझं नाव घाल."

"लोक फाडून खातील तुला."

"मी इतकी वर्षं लोकांना नावानिशी सोलत आलो. घाल."

मी घातलं. पण सेन्सॉरनं सगळी बातमीच उडवली आणि त्या जागी कोरा चौकोन छापून आला. एवारिस्तोनं राजीनामा दिला, चालत त्या गावी गेला. बाउतिस्ताच्या बायकोनं दार उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत उभा राहून तो परतला. त्यानंतर त्यानं लिहिणं सोडलं. बेकरीत पोती वाहायला लागला.

युद्ध हरलो. आलिकांते बंदराच्या धक्क्यावर देशाबाहेर नेणाऱ्या जहाजाची वाट बघताना तो पकडला गेला. जिंकलेल्या सेनापतींच्या लष्करी कोर्टात त्याच्यावर बाउतिस्ताच्या खुनाचाही आरोप ठेवला आणि त्या विधवेला साक्षीला आणलं. ती म्हणाली, "याच्या सहीनं माझा माणूस गेला. हे याच्या तोंडावर मी कधीही सांगेन. पण तुमच्या बाजूनं नाही." आणि खाली बसली.

तरी तीस वर्षांची शिक्षा झाली. त्यातली तीन त्यानं काढली. मग छातीच्या रोगानं गेला. तुरुंगाच्या फाटकात कोन्सुएलोला नि मला त्याची एक घोंगडी आणि चमचा मिळाला. काही लिहिलेलं नाही का, असं कोन्सुएलोनं विचारलं. या कैद्यानं कागद कधी मागितलाच नाही, असं पहारेकरी म्हणाला. तिला ते पटेना. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.