काकांच्या मागचा

सहा नोव्हेंबरला सकाळी साडेसात वाजता, लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत, काकांच्या पाठीमागे कोणीही संशयास्पद नव्हते. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्या वेळी त्यांच्या पाठीमागे मीच चालत होते, आणि तेही त्यांच्याच विनंतीवरून. काका म्हणजे माझे घरमालक. स्वतःच्या पाठीवर इतका कडक पहारा ठेवणारा माणूस अख्ख्या लखनऊत दुसरा सापडणार नाही. नबाबांच्या काळात असलाच, तर त्याला निदान शत्रू तरी असतील. काकांना शत्रू नव्हते. त्यांना ‘मागचा’ होता.

हा मागचा मूळचा अमेरिकेचा. काका लाकडाचे शास्त्रज्ञ. नागपूरहून नोकरीसाठी इथे आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. तरुणपणी वर्षभर ते अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत लाकडाचे नमुने गोळा करत हिंडले होते. तिथल्या लाकूडतोड्यांमध्ये एका प्राण्याची दंतकथा आहे. नाव ‘हाइडबिहाइंड’. तो सदैव माणसाच्या पाठीमागे असतो आणि माणूस वळला की जवळच्या बुंध्याआड होतो. जंगलात गेलेला गडी संध्याकाळी परतला नाही, की बाकीचे शेकोटीभोवती बसून एवढेच म्हणत, की त्याला त्या मागच्याने नेले. मग कोणी शोधायला जात नसे. पीएच.डी.साठी मी यांच्या वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मला ही कथा ऐकवण्यात आली. मी म्हटले, “काका, जो कधीच कुणाला दिसला नाही, त्याचं वर्णन केलं कुणी? हे गृहीतक खोटं ठरवायची सोयच नाही.”

“म्हणूनच ते इतकी वर्षं टिकून आहे,” काका म्हणाले. “तुझी किती टिकली?” त्याच आठवड्यात माझे एक कोसळले होते.

काका कुठेही बसत ते भिंतीला पाठ लावून. लग्नाच्या पंगतीत तशी जागा मिळाली नाही, तर ते उभ्याने जेवत आणि त्याला बुफे म्हणत. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या शेवटी सगळे जण स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतात. काका निम्मी प्रदक्षिणा उजवीकडून घालून एकदम डावीकडे उलटत, मागच्याला बेसावध गाठण्यासाठी, आणि शेजारच्या एअर फोर्सवाल्या बाईंच्या हातातले तबक दरवर्षी थोडक्यात बचावे. स्कूटरला त्यांनी निशातगंज बाजारातल्या मिस्त्रीकडून चार आरसे बसवून घेतले होते. मिस्त्री म्हणाला होता, “बाबूजी, ये स्कूटर है कि सैलून?” मागच्याला दारूचा वास सोसत नाही, म्हणून लाकूडतोडे झिंगून घरी जात, असे काका सांगत. ते स्वतः निर्व्यसनी. त्यामुळे ते दोन्ही कानांमागे सर्जिकल स्पिरिटचे बोट लावून बाहेर पडत. काकूंनी एकदा जुन्या चौक बाजारातून उत्तम खसचे, म्हणजे वाळ्याचे, अत्तर आणले, तर यांनी हुंगून परत केले. “तेलात काढलेलं आहे. स्पिरिट नाही. याचा काय उपयोग?” काकू मला म्हणाल्या, “बघ गं, या शहरात येऊन माणसं शायर झाली. हे इंजेक्शनच्या आधीच्या कापसासारखे वास मारतात.”

त्या नोव्हेंबरात काका अस्वस्थ होते. मागचा आता धक्के देतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मी मागे चालावे, म्हणजे ती जागा भरलेली राहील, अशी त्यांनी योजना मांडली आणि मी ती प्रयोग म्हणून स्वीकारली. पहिल्याच वळणावर काका डाव्या बाजूला उभ्या असलेल्या भाजीच्या ठेल्यावर सरळ आदळले. “अरे बाबूजी, देख के!” ठेलेवाला ओरडला. “मूली तो रास्ते से हट नहीं सकती!” काका हसले, मीही हसले. मात्र वर खोलीत आल्यावर मी ऐकलेले सगळे धक्के आठवून पाहिले. दाराची चौकट, फ्रिज, शेजाऱ्यांची मोटार, मुळ्यांचा ठेला. प्रत्येक धक्का बाजूने बसला होता. मागच्याने एकदाही मागून धक्का दिला नव्हता.

दुपारी मी जेवणाच्या टेबलावर खडूने मोठा कोनमापक काढला. काकू मटार सोलत होत्या. त्यातला एक दाणा मी विणकामाच्या सुईच्या टोकाला खोचला. काकांनी एक डोळा झाकून माझ्या नाकाकडे बघायचे आणि बाजूने येणारा दाणा दिसला की सांगायचे. निरोगी डोळ्याला तो समोरच्या रेषेपासून जवळजवळ नव्वद अंशांवरच जाणवतो. काकांच्या डाव्या डोळ्याने तीसवर “हं” म्हटले. उजव्याने बारावर. मी पुन्हा मोजले. तेच.

“म्हणजे बराच पुढे आलाय,” काका म्हणाले.

“कोण?” काकूंनी विचारले.

काकांनी उठून फ्रिजमधल्या लोणच्याच्या बरणीमागून औषधाची बाटली काढली. काचबिंदू होता. त्यांना दोन वर्षांपूर्वीच कळला होता. थेंब कधी घातले, कधी राहिले. काकूंना सांगितले असते तर स्कूटर गेली असती. आमच्या सगळ्या मंडळाने ज्या वळून पाहण्याला मनापासून दाद दिली, त्यामागे निदान दोन वर्षे एक विझत चाललेला डोळा होता, आणि त्यांनी त्याला आमच्या हसण्याआड सुखरूप लपवले होते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की गेलेली नजर परत येत नाही; शस्त्रक्रियेने डाव्या डोळ्यातली उरलेली राखता आली तर येईल. काका नाही म्हणाले. विनोद त्यांनी केला नाही, हे मला जास्त भीतीदायक वाटले. “डोळ्यावर पट्टी बांधतील. त्या बाजूला कोण आहे ते मला कळणार नाही.”

“मी असेन,” काकू म्हणाल्या.

“तू पुढे असतेस. मी मागचं बोलतोय.”

“सप्तपदीला कोण होतं हो तुमच्या मागे?” काकूंचा आवाज चढला. “सात पावलं मागून चालले! तेव्हा एकदा तरी वळून पाहिलंत? चाळीस वर्षं मागे मीच आहे, आणि हे अमेरिकेतलं जनावर शोधतायत!”

काकांनी होकार दिला, पण त्यात तीन महिने गेले होते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा मोजले, तेव्हा डाव्या डोळ्याचे तीसचे त्या दिरंगाईत अकरा झालेले होते. उजवा आता फक्त उजेड ओळखतो. स्कूटर विकली, आरसे मिस्त्रीने वेगळे काढून ठेवून घेतले.

सकाळी फिरायला काकू बरोबर जातात. अंधुक दिसणाऱ्याला नेण्याच्या रीतीने त्यांनी पुढे होऊन काकांना हात द्यायला हवा, पण काका ऐकत नाहीत. काकू मागून चालतात आणि त्यांच्या पाठीवर तळवा टेकवून ठेवतात. दाबला की थांबायचे. कानांमागे आता खसचे अत्तर असते. मी गच्चीवरून पाहते. गल्लीच्या टोकापर्यंत काका एकदाही वळून बघत नाहीत. त्यांनी वळावे असे मला वाटते.

माझा प्रबंध झाला; नोकरीसाठी बंगळुरूला निघायच्या आदल्या दिवशी मी खडू घेऊन खाली आले. काकूंनी न सांगता मटाराचा दाणा पुढे केला. काकांनी उजवा डोळा झाकला, सवयीने, कारण झाकण्यासारखे तिथे फारसे काही उरले नव्हते. सुई तीसवरून गेली, वीसवरून गेली, पंधरावर माझा हात हळू झाला.

“हं,” काका म्हणाले. “कितीवर आहे तो?”

माझ्या कोनमापकात दोन अंशांची चूक धरावी लागते. तरीही मी पुन्हा मोजले नाही. जे आले तेच लिहिले: अजूनही अकरा.