वरचे दात

माझ्या मुलीचा पहिला दात मला दिसला नाही, ऐकू आला. ती सात महिन्यांची होती. चमच्याने तिला वरणाचं पाणी भरवत होते आणि चमचा आत कशाला तरी लागून 'टिक्' वाजलं. हिरडी अशी वाजत नाही. मी बोट घालून चाचपलं. खाली सगळं मऊ होतं आणि वर, मधोमध, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं.

शेजारी सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. माझा भाऊ सध्या कुठे असतो ते त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना ते माहीतच नव्हतं. माझा एकुलता एक धाकटा भाऊ सैन्यात आहे आणि तेव्हा तो सीमेवर होता.

"वरचं दात आदी आलं की मामाला जड जातं," त्या म्हणाल्या. "खालचं येईस्तवर त्यानं पोरीचं तोंड बघायचं न्हाई. बघायचंच झालं तर तेलात बघायचं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्याच दिवशी तणतणत मुलीला इस्लामपूरला दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. काही मुलांना वरचे दात आधी येतात, त्यात काही नाही, रोज ओल्या मऊ फडक्याने पुसत जा, असं तिने हसत सांगितलं. घरी येऊन मी ते सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. आणि त्याच संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा, मांडीवर खेळणाऱ्या मुलीला पदराआड घेऊन, ती झोपली आहे असं त्याला सांगितलं.

एकदा खोटं बोलल्यावर पुढचं सोपं गेलं. मी त्याला तिचे पाठमोरे फोटो पाठवू लागले. भाची रुसली आहे की बहीण, असं त्याने एकदा चेष्टेत विचारलं. मी विषय बदलला.

आमचं घर शेतात आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. त्या वर्षी तो घराच्या पत्र्याला टेकला होता. माझी रजा चालू होती, नवरा कामावर, सासूबाई दुपारी आडव्या होत. वारा पडला तरी उसात कुठेतरी एखादं पान हलत राही. मुलगी त्या बाजूला टक लावून बघायची आणि मधेच हसायची. खाली बोळकं, वर दोन दात. त्या हसण्यात ती लहान मूल वाटत नसे, फार म्हातारं कुणीतरी वाटे. मी तिला उचलून आत न्यायची, तर खांद्यावरून मागे बघत ती हसतच राही. मला तिची भीती वाटायची. पोटच्या पोरीची.

मग भावाचा फोन लागेनासा झाला. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. कोरेगावहून आई रोज विचारायची आणि मी तिला धीर द्यायची. दातांचं तिला सांगितलं नव्हतं. पाचव्या दुपारी, मुलीचं तोंड पुसताना, माझा अंगठा फडक्यासकट खालच्या हिरडीवर थांबला. वाटलं, थोडं दाबलं तर दात लवकर वर येईल. दाबलं. ती कळवळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं, जोरात. उसातलं पान हलत होतं आणि मी दाबत होते. नवव्या दिवशी फडक्यावर रक्त आलं. मी ते धुऊन दोरीवर वाळत घातलं, कुणाला बोलले नाही.

दहाव्या दिवशी फोन आला. तो ठणठणीत होता. त्यांच्या चौकीवरची रेंज गेली होती, एवढंच.

सुट्टी मिळाली आणि आठवड्याभरात तो न कळवता दारात उभा राहिला. सासूबाईंनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं, तोंड फिरवून उभं राहायला लावलं आणि काशाच्या वाटीत तेल ओतून आणलं. आधी तेलात बघायचं, मग पोरीला घ्यायचं. तो हसला, पण म्हातारीचा मान ठेवून वाकला. मी मुलीला वाटीवर धरलं. तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिच्या हनुवटीशी अंगठा नेला.

तेलात तिघंही दिसत होतो. अंगठा जवळ येताच मुलीने दोन्ही ओठ आत ओढून घट्ट मिटले. डोळे विस्फारलेले, तोंडाच्या जागी नुसती एक रेघ. भावाचं हसू गेलं. तो बराच वेळ तेलातच बघत राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "ती तुझ्या हाताला भितीया."

मी त्याला तिथेच, उंबऱ्यावर सगळं सांगितलं. सासूबाई वाटी घेऊन आत गेल्या. तो मला रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

खालचे दात महिन्याभराने आपले आपण आले. भाऊ सुखरूप आहे. मुलगी आता चार वर्षांची आहे आणि तिचे दात मामा घासून घेतो, रोज सकाळी, व्हिडिओ कॉलवर. तो तिकडे ब्रश फिरवतो, ती इकडे फिरवते, त्याला आ करून एकेक दात दाखवते. फोन मी धरते. दोन्ही हातांनी धरावा लागतो, अंगठे तिला दिसतील असे. एक हात जरी खाली गेला तरी ती तोंड मिटते.