पॅनलच्या दारावरचं नाव

रावसाहेबला अग्नी दिला आणि त्याचा मोबाईल माझ्या खिशात वाजला.

व्हिएतनामवरून.

परवाची गोष्ट. अजून डोकं सुन्न आहे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितोय.

आमचा रावश्या. गाव जामखेडकडचं, वय छत्तीस. नगरच्या एमआयडीसीत अकरा वर्षं आम्ही एका शिफ्टला होतो, एका डब्यात जेवलो.

गिअरला दात पाडायचं एक जुनं मशीन त्याच्याकडे होतं. जर्मनीतली कुठली तरी फॅक्टरी बंद पडली, तिथून आमच्याकडे आलेलं. आलं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. जर्मनीचं काम आता नगरला! काय रुबाब होता आमचा.

रावश्या त्या मशीनला 'म्हातारी' म्हणायचा. तेल गरम व्हायच्या आत बटण दाबलं की म्हातारी हटून बसायची. इंजिनिअर लोक घाम पुसायचे आणि हा गडी शांत.

"थांबा की साहेब. च्या घेऊ द्या तिला."

तिच्या पॅनलच्या दाराला आतून मार्करने एक नाव लिहिलेलं होतं. इंग्रजी अक्षरांत, वर्नर.

खंडेनवमीला म्हातारीला झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू. मग रावश्या दार उघडून त्या नावालाही कुंकू लावायचा.

"आरं, त्याला कशाला?"

"पहिला कारभारी हाय तिचा. मान नको व्हय द्यायला?"

आम्ही हसून हसून लोळायचो. त्या वर्नरने नाव का लिहिलं असेल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही.

दीड वर्षापूर्वी मीटिंग झाली. स्क्रीनवर जगाचा नकाशा, त्यावर बाण. ग्लोबल रिस्ट्रक्चरिंग म्हणे. चहा गार व्हायच्या आत आमची अख्खी लाइन संपली.

मशीन व्हिएतनामला. माणसं घरी. मला तेवढं स्टोअरला ठेवलं.

म्हातारी पॅक करायला मात्र रावश्याच लागला, कारण तिचा बोल्ट न् बोल्ट त्यालाच ठाऊक. सगळं झाल्यावर तो पॅनलचं दार उघडून नुसता उभा राहिला.

"आत्ता कळलं रं, ह्यानं नाव का लिवलं आसंल."

माझ्याकडून मार्कर घेतला. वर्नरच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं, शेजारी मोबाईल नंबर. "आडलं तर फोन करतील बिचारे."

मला ते बघवेना. धीर द्यायचा म्हणून बोलून गेलो, "ऑर्डर वाढली की परत बोलावणारेत. एचआरवाला म्हणत होता, पहिलं नाव तुझंच."

एचआरवाला असलं काहीही म्हणाला नव्हता. मी आपलं ठोकून दिलं.

आणि त्याने ते धरून ठेवलं हो! मी अजून कंपनीत, म्हणजे मला आतलं कळत असणार, असं त्याला वाटलं. चाकणला चांगली नोकरी चालून आली होती. गेला नाही. "कंपनीनं बोलावलं आन मी तिकडं आडकलो तर?" म्हणून गावाकडे टेम्पो चालवत राहिला.

दहा वेळा ठरवलं, आज खरं सांगायचं. माझी जीभच रेटली नाही.

दोन महिन्यांनी त्याला खरंच फोन आला. तिकडची ऑपरेटर, लान. दोन लेकरांची आई. म्हातारी तिच्याकडेही हटून बसलेली. ती तिच्या भाषेत बोलायची आणि तिच्या मोबाईलमधलं ॲप त्याचं मराठी करायचं, ह्याच्या मराठीचं तिच्या भाषेत. "नमस्कार श्री रावसाहेब. यंत्र आज सुरू होत नाही."

हा इकडून, "ताई, घाई करू नगा. तेल तापू द्या."

तेव्हापासून महिन्यातून एकदोन फोन व्हायचेच. फुकट शिकवलं त्याने तिला. मी चिडलो, तुझं काम नेलं ना रे त्यांनी? म्हणाला, "तिनं कुठं नेलं? तिच्या म्होरं आणून ठिवलं."

परवा सकाळी तो घोडेगावच्या बाजाराला म्हशी घेऊन निघाला होता. शेजारी बसलेले गावातले तात्या सांगत होते, "टेम्पो कडंला घेतला, हँडब्रेक वढला, चावी काढून माझ्या हातात दिली. आन मान टाकली."

मशीन बंद केल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही त्याची जुनी सवय.

पाहुण्यांचे फोन घ्यायला वहिनींनी त्याचा मोबाईल माझ्याकडे दिला होता. म्हणून तो फोन मी उचलला.

"नमस्कार श्री रावसाहेब. कंपनी यंत्र घेऊन जात आहे. आम्हाला घरी जायला सांगितले."

चितेसमोर उभा राहून मी हे ऐकत होतो. कुठे नेताहेत विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं.

मग मी सांगितलं. रावसाहेब आज सकाळी वारला.

बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. रडण्याचं मराठी करायची गरज नव्हती.

मग ॲप बोललं. "ते म्हणायचे, कंपनी मला परत बोलावणार आहे. बोलावले होते का?"

काय सांगू, सांगा ना तुम्ही?

"हो," म्हणालो. "बोलावलं होतं. पुढच्या महिन्यात जॉइन होणार होता."

"चांगले झाले," ॲप म्हणालं.

रात्री तिने त्याच्या नंबरवर फोटो पाठवला. तेच पॅनलचं दार. वर वर्नर, त्यावर आपल्या खंडेनवमीचं वाळलेलं कुंकू. खाली रावसाहेब. त्याच्याखाली नव्या मार्करने, लान.

तिनेही नंबर लिहिलाय शेजारी.

खाली अजून बरीच जागा आहे.

रावश्या, मी तुझ्याशी खोटं बोललो. आणि परवा तुझ्यासमोर उभा राहून परत तेच बोललो. माफ कर भावा.

जा आता निवांत. टेम्पोची चावी वहिनींकडे दिली आहे.

तुझ्या शिफ्टकडून भावपूर्ण श्रद्धांजली.