धार संपेपर्यंत

"निजू दे की त्याला," असं अक्का दिवसातून कितीतरी वेळा म्हणायची. नवख्या माणसाला वाटायचं, हिच्या घरी तान्हं बाळ आहे. ती बोलत असायची डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटबद्दल, त्यातल्या मोबाइल नेटवर्कवरून चित्रं पकडणाऱ्या चिपबद्दल.

कळंब्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत ती सगळ्यांत जुनी. मॅडम म्हटलेलं तिला खपायचं नाही, म्हणून अक्का. आवाज जिन्यात ऐकू येणारा. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही "मी येतो, मी जातो" म्हणायची. अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल. ती रजेवर गेली की चहासुद्धा पाणचट लागतो.

आमचं दुखणं साधं होतं. हेडसेट घातला की माणूस दुसऱ्याच जागी जाऊन उभा राहतो. मान वळवाल तिकडचं दिसतं. पण बॅटरी लवकर संपते आणि कपाळ तापतं. चित्रं हवेतून एकामागून एक येतात, मधल्या वेळात काहीच येत नाही. तरी चिप सारखी जागी राहून वाट बघत बसते.

"एक पावणा येऊन गेला, दुसरा यायचा हाय," अक्का म्हणायची. "तवर दारात उभं कशाला ऱ्हायाचं? घटकाभर पडावं की."

एकदा संध्याकाळी काही कामानं तिच्या घरी गेलो. गोठ्यात पाय घसरून तिच्या आईचं कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर आईला तिनं राधानगरीकडच्या गावातून इथं फ्लॅटवर आणलं होतं. गावी धाकटा भाऊ एकटा म्हशी बघत होता. अक्कानं गोठ्यात कॅमेरा टांगला होता, आणि रोज धारेच्या वेळी आई ऑफिसचा हेडसेट चढवून बसायची.

म्हातारी कॉटवर टेकून बसली होती. खिडकीतून तळ्यावरचा शेवटचा उजेड तिच्या हातांवर पडला होता, आणि ते हात मांडीवर हलत होते. बोटं मिटत होती, उघडत होती. ती धार काढत होती. "सरक गं बाय," ती हळूच म्हणाली. म्हैस बुजेल म्हणून मीही आवाज खाली आणला.

थोड्या वेळानं बॅटरी संपली.

"आई, बंद पडलं ते. काढ."

"असू दे. धाकटी म्हस ऱ्हायलीय अजून."

काळ्या पडलेल्या काचा डोळ्यांवर ठेवून ती तशीच बसली. बोटं हलत राहिली. अक्का स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. चिपला झोपवलं की सुरुवातीला सगळं छान चालायचं, मग चित्र अडखळायचं. चिपची जागं व्हायची लय आणि चित्रांची यायची लय यांत केसाएवढा फरक होता. तो साठत जायचा, आणि चित्र दाराशी आलं की चिप नेमकी झोपेत. आम्ही म्हटलं, थोडा जास्त वेळ जागी ठेवू.

"मग बॅटरी काय तुमी देणार?" अक्का म्हणाली.

तिनं चिपला अधूनमधून जागं व्हायची वेळ किंचित सरकवायला शिकवलं, आणि चित्राचा शेवटचा तुकडा हातात पडला की लगेच झोपायला. तपासायला हेडसेट स्वतःच घालून बसायची. कपाळावर लाल वळ घेऊन मंडईतही जायची.

हिवाळ्यात एका संध्याकाळी ते जमलं. बघायला मीही गेलो होतो. सगळ्या म्हशींची धार झाली, भावानं किटल्या उचलल्या, वैरण टाकली, आणि तरी हेडसेट चालूच होता. अक्का माझ्याकडे बघून हसली. एवढ्यात आईची बोटं थांबली.

"काय झालं गं?"

"त्यो घरात जाईना."

अक्कानं हेडसेट स्वतःच्या डोळ्यांना लावला. मग माझ्या हातात दिला. गोठ्याच्या दारापर्यंत धुकं उतरलं होतं. पिवळ्या दिव्याखाली भाऊ पालथ्या बादलीवर बसला होता. समोर घर, आत दिवा नाही. तो घराकडे बघत होता, इतका स्तब्ध, की हेडसेटच अडकला असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात म्हशीनं कान हलवला.

फोनवर तो रोज सांगायचा, समदं बरं हाय. रोज असाच बसत असेल. आमची बॅटरीच तिथवर कधी पोचली नव्हती.

"मला घरला ने," आई म्हणाली.

"डॉक्टर अजून नको म्हणत्यात."

"मग डॉक्टरास्नी बी घे संगं."

अक्कानं रजा घेतली आणि आईला गावी नेलं. रजा वाढली, आणि एक दिवस तिचा राजीनामा आला. तिनं बसवलेली झोप आता आमच्या प्रत्येक हेडसेटमध्ये आहे. तिच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. कुणी तसं ठरवलेलं नाही.

ऑफिसात राहिलेल्या तिच्या चपला आणि कप घेऊन मी मध्यंतरी गावी गेलो. धारेचीच वेळ होती. अक्कानं निरसं दूध हातात दिलं. नवे हेडसेट चांगले चाललेत, असं मी सांगितलं. "बरं झालं," म्हणाली, आणि मला बसायला पोतं अंथरलं.

गोठ्याच्या दारात आई खुर्चीवर बसली होती. भाऊ धार काढता काढता शेतात आलेल्या गव्याची गोष्ट सांगत होता, काही केल्या थांबत नव्हता.

"काल बी हेच सांगितलंस," आई म्हणाली.

"मग परत ऐक की," तो म्हणाला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.