पुलावरच्या राक्षसाचे गाव

भडगावहून निघताना मुलाने बजावले, "अक्का, सुनील अभ्यास सोडून फासे खेळतो म्हणे. खरं असलं तर त्याला ट्रंकेसकट घेऊन ये. दुकानात बसवतो." देवदर्शनाला मला कुणी पाठवत नाही. नातू धरून आणायला म्हातारी चालते.

धुळ्याला गाडी बदलली. स्टँडवरचा चहा गरम होता, याहून चांगले त्याच्याबद्दल लिहिता येत नाही. नरडाण्याजवळ चाक बसले आणि सगळे खाली उतरलो. चाक बदलेपर्यंत शेजारची बाई माझ्या नणंदेच्या जावेची भाची निघाली. आमच्याकडे दोन माणसे रस्त्यात उभी राहिली की नाते निघतेच. तिने पेरू दिला. पुढे तापी लागली, पाणी बेताचेच.

शिरपूरला सुनीलच्या खोलीत तीन पोरे जमिनीवर बसली होती. मध्ये जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा आणि फासे. पैसे मात्र कुठे दिसेनात.

"बाबांनी पाठवलं ना?" सुनील म्हणाला.

"हो. ट्रंकेसकट न्यायला. हे काय आहे?"

"राज्य आहे. मी रचलंय. समोर काय आहे ते मी सांगतो, काय करायचं ते हे सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो."

"कुठं आहे हे?"

"कुठंच नाही."

एस.टी. न जाणारी गावे मी पुष्कळ पाहिली आहेत. जागेवरच नसलेला मुलूख पहिल्यांदाच पाहिला. आलेच होते, तर आत गेले. डोंगर बरे होते. किल्ले फार झाले होते. पुलावर राक्षस बसला होता. सुनीलचा मित्र दिलीप तलवार घेऊन धावला, फासा वाईट पडला, मेला. तिसऱ्याचेही तेच.

"आता तुम्हीच, अक्का," मेलेला दिलीप भाकरी खात म्हणाला.

मी राक्षसाला विचारले, "कोणा गावना शे रे भाऊ तू?" (कुठल्या गावचा रे तू?)

सुनील नकाशावर बोट फिरवू लागला. सगळ्या किल्ल्यांना नावे होती, राक्षसाला गाव नव्हते.

"सांग ना भो," दिलीप म्हणाला, "आभाळातून पडला का?"

"शिंदखेड्याचा," सुनील घाईत बोलून गेला.

शिंदखेडा माझे माहेर.

"मंग तू मना भाऊ शे. बहीणनी वाट अडावस का?" (मग तू माझा भाऊ. बहिणीची वाट अडवतोस?) "काढ माहेरचं लुगडं!"

"फासा टाकावा लागेल, अक्का."

"माहेरच्या लुगड्याला फासा?"

सुनीलने नियमांचे पुस्तक चाळले. त्यात माहेर नव्हते. राक्षस उठला, बाजूला झाला, लुगडे दिले. "हिरवं," सुनील म्हणाला आणि पुलाखाली बारीक अक्षरात शिंदखेडा लिहिले.

"पास होतो का हा?" मी दिलीपला विचारले.

"आमच्यापेक्षा पुढं शे."

ट्रंक खाटेखालीच राहू दिली.

घरी मुलाने विचारले, "पोरगं कुठाय?"

"शिकतोय."

"आणि फासे?"

"तेही चालू आहेत. तिथं माझा भाऊ असतो, खेळ मोडायचा नाही."

माझा सख्खा भाऊ शिंदखेड्यातच आहे. दर भाऊबीजेला लुगडे पाठवतो म्हणतो. तेही कुठेच नाही. पण राक्षसाच्या लुगड्याचा निदान रंग मला माहीत आहे.