उलट्या जॅकेटचा हिरो

मी लोकांना सहज माफ करत नाही. बायको म्हणते, हा तुमचा स्वभाव नाही, आजार आहे. असेल. पण त्या सिनेमाचा आणि त्याच्या हिरोचा मला अजून राग येतो, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

दिवसा मी गोदामात सुपरवायझर आणि संध्याकाळी कराटेचा मास्तर. इथे आखातात, सीबमध्ये, भाड्याच्या हॉलमध्ये क्लास चालतो, आपल्याच लोकांची मुलं येतात. पहिल्या दिवशी मी दोनच गोष्टी शिकवतो. एक, जॅकेटची डावी बाजू वर आली पाहिजे. उजवी बाजू वर ठेवून जपानमध्ये फक्त प्रेताला कपडे घालतात. हे ऐकून पोरं इतकी खूश होतात की जन्मभर चुकत नाहीत. दुसरी, वाकून नमस्कार. समोरचा मोठा सरळ होईपर्यंत धाकट्याने डोकं वर काढायचं नाही.

हिरो हा माझाच जुना विद्यार्थी. एसीच्या डक्टिंगचा धंदा, हाताखाली माणसं, अंगात मस्ती. काही महिने आला, यलो बेल्ट मिळवला आणि कंटाळला. जॅकेट नेहमी उलटं. मी रोज नीट करून द्यायचो आणि तो रोज म्हणायचा, "सर, ड्रेसमध्ये काय ठेवलंय? किक दाखवा ना."

पुढे त्याने सिनेमा काढला. लेखक, दिग्दर्शक, हिरो सगळं तोच. गोष्ट अशी की वाळवंटात एक गुप्त टूर्नामेंट असते, जगभरचे फायटर येतात आणि हिरो आपल्या गुरूच्या खुनाचा सूड घेतो. खून करणारा मी. खून का केला, असं मी विचारलं तर म्हणाला, "ते पब्लिक समजून घेतं, सर." जगभरचे फायटर म्हणजे त्याच्याच कंपनीतले चार फिटर. डोक्याची पट्टी बदलली की देश बदलायचा. त्यातला एक मेल्यावरही पाय खाजवत होता, तो शॉट तसाच राहिला. स्वतः हिरोला दुःख झालं की मान खाली, राग आला की मान खाली. हिरॉईन नव्हती, म्हणून प्रेमात काय केलं असतं ते कळलं नाही.

मी तरी का गेलो? फायनलचे प्रेक्षक म्हणून त्याने माझ्याच क्लासची पोरं मागितली होती. आणि शब्द दिला होता की फायनल बरोबरीत सुटेल, शेवटी दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करतील. पोरांना ते पडद्यावर दिसावं, एवढाच माझा लोभ होता.

शुक्रवारी सकाळी वादी अदाईजवळच्या कोरड्या नदीपात्रात शूटिंग लागलं. पोरं दगडांवर ओळीने बसलेली. हिरो गाडीतून उतरला तो जॅकेट उलटं घालून, आणि कमरेला ब्लॅक बेल्ट. बेल्टचं बघून घेऊ म्हटलं, पण हात सवयीने जॅकेटकडे गेला. त्याने तो सगळ्यांसमोर झटकला.

"सर, आज डिरेक्टर मी आहे. आणि एंड चेंज केलाय. माझा पाय वर गेला की तुम्ही पडायचं. खलास. मग उठून मला नमस्कार करायचा."

"आणि तुम्ही?"

"मी लांब बघतो. हिरो आहे ना. यल्ला, रेडी!"

निघून जावं असं फार वाटलं. पण पोरं बघत होती आणि मास्तर मैदानातून पळाला हे त्यांना दिसायला नको होतं. त्याचा पाय माझ्या कमरेच्या वर काही गेला नाही. मी पडलो. उठून वाकलो. तो कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत राहिला. उद्या ही पोरं माझं का ऐकतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शूटिंगचे पुढचे सगळे शुक्रवार मी त्याच्या जॅकेटकडे बघितलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. राहू दे म्हटलं, असंच राहू दे.

सिनेमा बौशरमधल्या एका हॉलमध्ये दाखवला. आईबाप, पोरं, सगळी आपली मंडळी. हिरो पडद्यावर आला आणि पुढच्या रांगेतून माझी एक विद्यार्थिनी ओरडली, "सर, ही इज डेड!"

मग काही आवरलं नाही. तो रडला की पोरं हसायची. गुरूच्या फोटोसमोर उभा राहून "मी जिवंत आहे तोवर" म्हणाला, तेव्हा तर पोरं खुर्च्यांवरून घसरली. आईबापांनी कारण विचारलं, पोरांनी सांगितलं, मग आईबापही हसायला लागले. आमची फायनल आली तेव्हा माझ्या पडण्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मी अंधारात बसून एकेक हसू मोजल्यासारखं ऐकत होतो. इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

शेवटी त्याने स्टेजवरून स्वतःची कराटे अकॅडमी जाहीर केली. म्हणजे सिनेमा त्यासाठीच होता, माझी पोरं पळवायला. एकही गेलं नाही. मेलेल्या माणसाकडे शिकायला कोण जाणार!

काही आठवड्यांनी तो माझ्या हॉलवर आला, कराटेच्या ड्रेसमध्ये, जॅकेट या वेळी बरोबर. हळू आवाजात म्हणाला, "सर, माझ्या अकॅडमीत तुम्ही शिकवा. नाव फक्त माझं राहील."

भिंतीपाशी आईबाप बसले होते. मी मोठ्याने म्हटलं, "क्लासची वेळ झाली. आधी लाईनमध्ये उभे राहा. यलो बेल्ट त्या टोकाला."

सगळे बघत होते, त्याला परत फिरता येईना. तो पोरांच्या ओळीत जाऊन उभा राहिला, त्यांच्यापेक्षा दुप्पट उंच. मी समोर आलो आणि वाकलो. ओळ वाकली. तोही वाकला.

माझी कंबर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, डॉक्टरने फार वेळ वाकू नका म्हणून सांगितलंय. पोरं चुळबुळ करायला लागली, कोणीतरी खुदकन हसलं, त्याचा श्वास जड झालेला मला ऐकू येत होता. कमरेतून कळ पार टाचेपर्यंत गेली. मी वाकूनच राहिलो.