जंतमास्तरांच्या टाकीतले किडे

छत्तीस वर्षं ज्याने रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांच्या पोटातले जंत ओळखले, त्याला लोक दुसरं काय नाव ठेवणार? जंतमास्तर. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मास्तरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. काचपट्टीवर थेंब ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि दोन मिनिटांत सांगायचं: हा गोल जंत, हा चपटा, आणि हा जंतच नाही, बाईंनी काल टोमॅटो खाल्लाय. नवे डॉक्टर नुसत्या लक्षणांवरून तर्क लढवायला लागले की मास्तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "अंदाज नकोत. डोळ्यांनी दिसलं का? दिसलं असेल तर लिहा."

निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, बाकावर बसून गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात. मास्तरांनी प्रयोगशाळेने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक घरी आणला आणि अडीच फुटी काचेची टाकी घेतली. मासे नावाला, दहा-बारा गप्पी. खरा जीव हिरवाईवर. मागे रिबिनीसारख्या लांब पात्यांचं पाणगवत, मधल्या ओंडक्यावर बांधलेलं नेचं, पुढे शेवाळ्याची मऊ गादी. पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. माशांना सकाळी चिमूटभर वाळवलेले पाणकिडे, बस्स. आठवड्यातून एक दिवस कडक उपास. "बरं झालं मी मासा झाले नाही," बायको म्हणायची.

ही बायको म्हणजे आसपासच्या निम्म्या बायकांना शिवण शिकवलेली बाई. हात हलका, जीभ तिखट. मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर तिचं. गेल्या वर्षी तिच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. किरणांचा कोर्स झाला, बाई अर्धी झाली. पुढचे औषधाचे डोस द्यायचे तर अंगात ताकद हवी, आणि ताकद हवी तर खायला हवं. डॉक्टरांनी मास्तरांना एवढं एकच काम दिलं होतं: पोटात अन्न जाऊ द्या.

मास्तरांनी ते काम हाती घेतलं म्हणजे काय विचारता! आयुष्यात चहापलीकडे काही न केलेला माणूस तांदूळ, गाजर आणि डाळ शिजवायला, वाटायला, गाळायला शिकला. दिवसातून चार वेळा वाटी. तिची खाट तिच्याच सांगण्यावरून पुढच्या खोलीत, टाकीला लागून घेतली होती. माशांकडे बघत खाते म्हणाली. पहिले काही दिवस मास्तर समोर बसून चमचे मोजायचे. तेव्हा ती एकदा तडकलीच. "अहो, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं मला. तुम्ही समोर असलात की घास उतरत नाही. जा, भांडी घासा." मास्तर निमूटपणे गेले. पंधरा मिनिटांनी आले तर वाटी रिकामी, चाटूनपुसून. त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून रोज चारही वाट्या रिकाम्या. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टर घरी तपासायला आले तेव्हा म्हणाले, "गिळायला फार त्रास होत असेल तर पोटातून नळी घालू, अन्न थेट आत जाईल. छोटंसं काम आहे. आत्ता झेपेल तिला." मास्तरांनी छाती फुगवून सांगितलं, "कशाला? वाटी संपवते माझी बायको. मी रोज डोळ्यांनी बघतो." वजन केलं, तर तेही मागच्या तपासणीइतकंच भरलं. पाय सुजले होते, त्या पाण्याचं ते वजन होतं, हे पुढे कळलं. डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बायको टाकीकडे बघत होती. नळीचा विषय तिथेच मिटला.

मग टाकीत किडे झाले.

आधी पाणी गढूळलं. मास्तरांनी पाणी बदललं, दोन दिवसांत पुन्हा दुधाळ. गोगलगाई तर इतक्या वाढल्या की काचेवर त्यांचीच वर्दळ. आणि एके सकाळी पुढच्या काचेवर पांढरे, दोऱ्यासारखे, वळवळणारे जीव दिसले. एक-दोन नव्हे, शेकड्याने. काही वाळूतून अर्धे बाहेर येऊन डुलत होते. ज्याने हयातभर लोकांचे जंत काढले, त्याच्याच टाकीत ही वरात!

ज्याच्या दुकानातून गप्पी आणले होते तो मासेवाला फोनवर म्हणाला, "मास्तर, जंताचं औषध टाका. सगळा सुपडा साफ."

"कोणता जंत आहे ते बघितलंस का?"

"जंत तो जंत. त्यात काय बघायचं?"

मास्तरांनी फोन ठेवून दिला. असल्या माणसाशी काय बोलायचं? त्यांनी पिचकारीनळीने चार किडे उचलले, काचपट्टीवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. निदान इथे तरी काही कळण्यासारखं होतं.

चपटा आहे का? नाही, गोल. डोकं बाणाच्या टोकासारखं, त्यावर दोन डोळे? नाहीत. म्हणजे गोगलगाईंची आणि पिल्लांची शिकार करणारा तो चपटा किडा नव्हे. चिकटायला दोन्ही टोकांना चकत्या? नाहीत, म्हणजे जळूही नव्हे. अंगावर वळ्या, बारीक केस, पोहताना नागमोडी. "हात्तिच्या," मास्तर मोठ्याने म्हणाले. "ऐकलंस का? गाळातले साधे किडे आहेत. कुणाला काही करत नाहीत. उलट घाण खातात बिचारे."

"मग झालं तर," खाटेवरून बायको म्हणाली. "राहू द्या त्यांना."

पण मास्तर कसले राहू देतात! हे किडे आपणहून असे माजत नाहीत, उरलेलं अन्न कुजतं तिथे माजतात. आणि या टाकीत अन्न उरेलच कसं? चिमटीपलीकडे दाणा पडत नाही. त्यांनी नळी लावून तळ उपसायला घेतला. पुढचा भाग स्वच्छ. मधला स्वच्छ. मागच्या कोपऱ्यात, उंच गवताच्या दाटीत, नेमका खाटेच्या बाजूला, नळीचं तोंड कशात तरी रुतलं. पांढुरका, चिकट, आंबट वासाचा थर. बोटभर जाड.

त्यातला थोडा त्यांनी बशीत घेतला. पाणकिड्यांत स्टार्च नसतो, आणि स्टार्च असला की आयोडीनने निळाकाळा रंग येतो, हे त्यांना माहीत होतं. औषधांच्या डब्यातून आयोडीनची बाटली काढून त्यांनी एक थेंब टाकला. बशीतला गोळा बघता बघता निळाकाळा झाला. भात. सुईच्या टोकाने उकरलं तर आत गाजराचे केशरी कण.

मास्तरांनी बशी ठेवली आणि टाकीकडे बघितलं. टाकीच्या झाकणाला अन्न घालायची एक छोटी खिडकी होती. खाटेवरून हात लांबवला की ती सहज हाताला लागे. हे त्यांनी रोज बघितलं होतं आणि त्यांना एकदाही काही दिसलं नव्हतं.

वळले तर बायको त्यांच्याकडेच बघत होती.

"सापडलं ना?" ती म्हणाली.

"किती जातं आत?" मास्तरांनी विचारलं.

"आधी चार-पाच चमचे जायचे. मग दोन. परवापासून नुसतं पाणी, तेही अडकतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतून यायचे. हल्ली पाय उचलत नाहीत, म्हणून इथे. तुमच्या टाकीची वाट लावली मी."

"टाकी मसणात गेली! अगं, मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगू?" तिचा आवाज पूर्वीसारखा तिखट करायला ती बघत होती, पण तो निघेना. "पहिल्या दिवशी रिकामी वाटी घेऊन आत गेलात ना, तेव्हा शिट्टी वाजवत होतात. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मी तुमची शिट्टी कधी ऐकली नव्हती. म्हटलं, उद्याही ऐकू या. मग रोजच."

मास्तर खाटेच्या कडेला बसले आणि लहान पोरासारखे रडले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या हातात आता काही उरलं नव्हतं, नुसती हाडं. सूज काय ती पायांना, वर बाई वाळून गेली होती. तेही त्यांना आजच दिसलं.

पण रडून भागणार नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं, बशीसुद्धा. "ती नळी," ते म्हणाले, "उद्याच घालू या. आजच घालता आली तर आज." डॉक्टर दुपारी आले. त्यांनी नाडी बघितली, पायावर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं, रक्त काढून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले आणि मास्तरांना जिन्यात बोलावलं.

"आता नाही जमायचं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "रक्तात काही राहिलेलं नाही. भूल सोसणार नाही, टाका घातला तर जखम भरणार नाही. पुढचे डोसही आता सोडून द्या. तीन आठवड्यांपूर्वी नळी घातली असती तर..." डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं, आणि मास्तरांनी उत्तर दिलं होतं.

"मी काय करू?" मास्तरांनी विचारलं.

"आता खायचा आग्रह करू नका. पाणी मागेल तेवढं द्या. जवळ बसा."

डॉक्टर खाली उतरून गेले. मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, लावलं. आत जायला हवं होतं आणि आत जाऊन काय बोलायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"काय म्हणाले?" ते आत येताच बायकोने विचारलं.

"म्हणाले, खायचा आग्रह करू नका."

"खरंच?" तिच्या चेहऱ्यावर इतका हलकेपणा आला की मास्तरांना बघवेना. "म्हणजे आता वाटी नाही?"

"नाही."

"बघा, म्हणजे सुधारतंय माझं. नाहीतर त्यांनी जबरदस्ती केली असती, नाही का?"

मास्तरांनी मान हलवली. होय म्हणून. तिने उशी सारखी करून घेतली, तोंड त्यांच्या बाजूला वळवलं आणि त्या दिवशी, महिन्याभरात पहिल्यांदाच, ती दुपारभर शांत झोपली. मास्तर जवळ बसून होते.